‘न्हाई’ म्हणायचे पैसे

अगं, हे पत्र घेऊन जरा निवांत बस. तो मोबाइल आधी पालथा ठेव. परवा मला एका ओळीत विचारतेस, ‘मावशी, विहिरीचं काय ठरलं?’ आणि खाली एक हसरं तोंड. वर्षभराची तगमग आमची, आणि तुला ती बोटभर उत्तरात हवी! पुण्याहून मुळशीत यायला असा किती वेळ लागतो गं? पण तुला तो रस्ता लांब पडतो. बहिणीची लेक आहेस म्हणून बोलते, परक्या माणसाला बोलले नसते. फोनवर सांगायला गेले की तू मधेच ‘हं, हं’ करतेस आणि मी कुठं होते तेच विसरते. म्हणून बसून लिहितेय. सगळं वाच. मधलं गाळू नकोस.

विहीर आमची घराच्या खालच्या अंगाला, भाताच्या खाचरांच्या मधोमध. तुझे काका होते तेव्हा त्यांनी आणि भावजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, मिळून खणली. मुरमाच्या पाट्या मी वाहिल्या. तिच्यावर घर चालतं, दोन म्हशी, कडेची भाजी, आणि आता त्या चार खोल्या. उरवड्याच्या कारखान्यांत कामाला जाणारी माणसं राहतात त्यांत, लांबून आलेली. लेकाच्या पगाराला त्या भाड्याचा टेकू आहे. पाणी गेलं की माणसं जातील, माणसं गेली की खोल्यांना कुलूप. इतकं सरळ आहे ते.

वरच्या अंगाला डोंगरउताराची वरकस जमीन होती, जिथं आम्ही नाचणी करायचो. ती भावजींनी विकली. आता तिथं बंगले आहेत. हिरवळ, पोहायचा हौद, फाटकाला काळा रंग. शनिवारी गाड्या येतात, सोमवारपासून माळी आणि कुत्रं एवढीच वस्ती. आणि जेवढे बंगले तेवढ्या बोअर.

तर गेल्या वर्षी चैत्रातच विहिरीचा तळ दिसला. एरवी वैशाख सरेपर्यंत तरी दोन परस, म्हणजे दोन माणसं बुडतील इतकं, पाणी असायचं. मला बसवेना. दिवसातून सहा-सात वेळा मी विहिरीवर. भाजी चिरता चिरता विळी तशीच उभी ठेवून निघायचे. पायऱ्या उतरायच्या, पाण्याला टेकलेल्या दगडावर चुन्याची रेघ ओढायची, वर यायचं, धाप लागायची, आणि घरात येऊन बसले की पुन्हा वाटायचं, आत्ता किती असेल?

सून म्हणायची, “आई, तुमी बघितल्यानं पानी वाढतंय का?”

“वाढत न्हाई गं. पन न्हाई बघितलं तर जास्तीच कमी व्हतंय असं वाटतंय.”

“मग बसा तितंच. च्या तितं आनून देते.”

लेकाचं म्हणणं एकच. विहिरीच्या कडेला बोअर मारायची आणि मोकळं व्हायचं. मला बोअरची भीती होती आणि ती उगाच नव्हती. कासार आंबोलीकडं माझ्या ओळखीची एक बाई आहे. तिनं अशीच विहिरीच्या कडेला बोअर मारली. लागलं की पाणी! पेढे वाटले. पंधरा दिवसांत दहा पावलांवरची विहीर कोरडी ठाक. खालच्या भोकातून सगळं पाणी कुठं गेलं कुणाला कळलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात बोअरनंही फक्त हवा फेकली. त्या बाईला आता विहिरीत कचरा टाकताना बघितलंय मी. तेव्हा प्रश्न असा होता, की बोअर मारली तर विहीर जाईल का राहील? मारली नाही तर उन्हाळा निघेल का? आणि हे आमच्यातलं कुणालाच सांगता येत नव्हतं. मी पाट्या वाहिल्या होत्या, पण त्या मुरमाखाली काय आहे ते मला काय ठाऊक?

एका रविवारी सगळे ओसरीवर बसलो. सुनेनं पहिल्यांदा तो शब्द काढला. “कोनतरी जानता कन्सल्टंट लावू.”

भावजी तंबाखू मळत होते. “कन्सल्टंट म्हंजी काय गं? सल्ला इकनारा? सल्ला पारावर फुकट मिळतोय की!”

“फुकट मिळतोय म्हनूनच तुमी रोज पिशवी भरून आनताय, तात्या.”

मी पदर तोंडाला लावला. भावजीही हसले, पण हटले नाहीत. “पानाड्या आनतो मी. नारळ उभा ऱ्हातो त्याच्या हातावर. नुसता नारळ आन् पान-सुपारी, दुसरं काय घेत न्हाई.”

लेक म्हणाला, “नारळ बिरळ ऱ्हाऊ द्या. मशीनवाला हाय माझ्या वळखीचा. तो बी तपासायचे काय घेत न्हाई. बोअर त्याच्याकडून मारली की झालं.”

सून म्हणाली, “मुठा गावाला एक बाई येऊन गेली म्हनं. जमिनीचं शिकलेली. आमच्या बचत गटातली एक सांगत व्हती. ती बोअर मारत न्हाई, निस्तं सांगती. पन सांगायची फी घेती. तिनं तितल्या लोकांना सांगितलं, हितं मारू नका.”

“आन् त्याची फी?” लेक म्हणाला.

“व्हय.”

“म्हंजी न्हाई म्हनायचे पैसे?” तो इतका हसला की म्हैस वळून बघायला लागली. मीही हसले. पण ते वाक्य माझ्या डोक्यात जाऊन बसलं. न्हाई म्हणायचे पैसे.

आधी पाणाड्या आला. म्हातारा, पांढरं धोतर, बोलायला गोड. मी पिठलं-भाकरी केली, ताक दिलं. मग तळहातावर नारळ आडवा ठेवून निघाला. उन्हाची तलखी नुसती. खाचरात फिरला, विहिरीला वळसा घातला, नारळ काही हलेना. शेवटी बांधावरच्या आंब्याखाली गेला आणि तिथं नारळ ताडकन उभा राहिला. भावजींनी हात जोडले. सून माझ्या कानात म्हणाली, “नारळाला बी सावली लागती बघा.”

मी त्याला एकच विचारलं. का विचारलं मलाही माहीत नाही, ते वाक्य डोक्यात होतं म्हणून असेल. “बाबा, हितं खोदू नको, असं तुमी कधी कुनाला सांगितलंय का?”

तो नारळ पुसत म्हणाला, “पानी समदीकडंच असतंय, माय. मानसाचं नशीब पायजे.”

मी म्हटलं, “बघू हां, बाबा. कळवते.” त्यानं नारळ दिला माझ्या हातात आणि गेला. तो समजायचं ते समजला.

हे तुला सांगायला हवं. आमच्यात माणसाला तोंडावर नाही म्हणायची रीत नाही. त्यातून तो घरात जेवलेला असला की मुळीच नाही. पोरगी बघायला आलेले लोक पोहे खाऊन ‘बघू, कळवतो’ म्हणतात आणि पोरीचा बाप त्याच दिवशी दुसरं स्थळ शोधायला लागतो. कुणी जमीन मागायला आलं, बघू. कुणी उसनं मागितलं, बघू. ‘बघू’ म्हणजे नाही, हे आमच्याकडं मांजरालाही कळतं.

दोन दिवसांनी मशीनवाला आला. माणूस दक्षिणेकडचा, पण दहा-बारा वर्षं इकडं काढलेली, मराठी चांगलं बोलायचा. मला ‘अम्मा’ म्हणायचा. जमिनीत लोखंडी खुंट्या ठोकल्या, तारा जोडल्या, डब्यावरचे आकडे कागदावर उतरवले. विहिरीपासून आठ-दहा पावलांवर चुन्याची फुली मारली. “अम्मा, इथे पाणी. शंभर टक्के.”

त्यालाही जेवायला वाढलं. इंद्रायणीचा भात, आमटी, वर तूप. तो भातावर फार खूश झाला. मग मी माझा प्रश्न विचारला.

तो मनमोकळं हसला. “अम्मा, मी नको सांगितलं तर माझी गाडी कशी चालणार? गाडीचा हप्ता कोण भरणार?”

खरं सांगू, मला तो माणूस तिथंच आवडला. तो खोटं बोलला नाही. पण खरं बोलला म्हणून त्याच्या फुलीवर भरवसा ठेवता येईना, उलट होता तोही उडाला. ज्याच्या पोटाला खणणं लागतं त्याला खणू का म्हणून कसं विचारायचं? मी त्याला दारापर्यंत पोचवलं. “बघू हां, दादा.”

“हो हो, बघू!” म्हणाला आणि हात हलवून गेला.

मग चार दिवस नुसत्या येरझारा. लेक म्हणे शंभर टक्के म्हणतोय तो, अजून काय पाहिजे. भावजी म्हणत नारळ उगाच उभा राहत नाही. सुनेनं मुठ्याहून त्या बाईचा नंबर आणून फळीवर चिकटवला होता. मी मोबाइल हातात घ्यायचे आणि ठेवायचे. पैसे देऊन ‘नाही’ ऐकायचं, आणि तेही बाईमाणसाकडून, ती एक पोर, तिला आमच्या जमिनीचं काय कळणार, असंही मनात यायचं. खोटं कशाला बोलू. खोलीतला एक भाडेकरू रोज सकाळी बादली घेऊन उभा राही. “आंटी, पानी कितना मिलेगा आज?” मी त्याच्याकडं न बघता सांगायचे, दोन.

पाचव्या दिवशी सकाळी मी शेण काढत होते आणि जमीन थरथरली. आधी वाटलं वर बंगल्यावर काही काम निघालं. बघते तर बोअरची ती मोठी गाडी, तिच्यामागं पाइपांची दुसरी गाडी, आमच्या वाटेनं खाली. वळणावर तिचं चाक बसेना म्हणून खाचराचा बांध एवढा फोडून आत घेतलेली. तो बांध माझ्या सासऱ्यांच्या हातचा गं. गाडी चुन्याच्या फुलीपाशी जाऊन उभी. माणसं उतरून जॅक लावायला लागली.

मी शेणाच्या हातांनी पळाले. “अरे, कुनी बोलावलं तुमाला?”

मशीनवाला पुढं आला. त्याचंही तोंड पडलं. “अम्मा, तुम्हीच म्हणालात ना?”

“मी? मी काय म्हनले?”

“बघू म्हणालात. मी पण बघू म्हणालो. गाडी इकडे उरवड्यात होतीच, म्हटलं आणून बघू.”

“अरे दादा, बघू म्हंजी न्हाई!”

“बघू म्हणजे नाही?” तो माझ्याकडं असा बघायला लागला की मला माझीच लाज वाटली. “दहा वर्षं झाली अम्मा मला इथे. लोक मला बघू म्हणतात, मी गाडी घेऊन जातो, लोक काम करून घेतात. म्हणजे ते सगळे…” आणि त्यानं वळून गाडीकडं बघितलं.

बघ, मला हसू येत होतं आणि रडूही. कासार आंबोलीच्या त्या बाईनंही असंच ‘बघू’ म्हटलं असेल का गं? दारात आलेल्या गाडीला परत पाठवायचं कसं म्हणून किती जणांनी जमिनीला भोकं पाडून घेतली असतील!

लेक पहिल्या पाळीला गेलेला. सून दारात येऊन उभी. भावजी आले आणि हळूच म्हणाले, “वैनी, आता आलीच हाय गाडी. मारून घ्या. मानूस जेवलाय आपल्या घरात.”

त्यांचं म्हणणं माझ्या मनातलंच होतं. तोच तर त्रास. इंजिन चालू होतं, धूर येत होता, सगळे माझ्याकडं बघत होते, आणि माझ्या तोंडाला तो शब्द येत नव्हता. इतक्या वर्षांत सासूला, नवऱ्याला, व्याह्यांना, कुणाला समोरासमोर म्हटला नव्हता. मी विहिरीकडं पाठ केली आणि गाडीच्या पुढं जाऊन उभी राहिले.

“न्हाई,” मी म्हटलं. “दादा, न्हाई मारायची. गाडी ने.”

एवढंच. मशीनवाल्यानं क्षणभर बघितलं, हात वर करून इंजिन बंद करायला लावलं. येण्याजाण्याचं डिझेल त्यानं मागितलं नाही. बांध फुटला होता तो त्याच्याच माणसांनी दगड रचून जरा सारखा केला, आणि जाताना म्हणाला, “अम्मा, पहिल्यांदाच असं सांगा ना. मला राग येत नाही.” भावजी मात्र कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

गाडी वळणापलीकडं गेली तशी मी हात धुतले आणि त्या मुठ्याच्या नंबरला फोन लावला. आता उशीर करायला मला जागाच राहिली नव्हती. लेकाला नंतर सांगितलं. तो चिडला. पण फुटका बांध बघून आला आणि जेवायला बसला.

ती बाई तिसऱ्या दिवशी आली. पँट-शर्ट, उन्हानं रापलेली, पिशवीत हातोडी आणि टेप. वय सुनेएवढंच. मी चहाचं आधण ठेवलं होतं. ती उंबऱ्यातूनच म्हणाली, “काकू, आधी बघू, मग चहा.” मी दचकलेच. पण ही बया खरंच बघायला निघाली! आधी विहिरीत उतरली. मी मोठ्या ऐटीत माझ्या चुन्याच्या रेघा दाखवल्या.

“वा काकू, छान आहेत. तारखा कुठं आहेत?”

“कसल्या तारखा?”

“कुठली रेघ कुठल्या दिवसाची?”

एकावर एक तीस-चाळीस रेघा, पोरांनी भिंत रंगवावी तशा. “मग उपयोग नाही यांचा,” ती म्हणाली. सरळ, माझ्या तोंडावर. मला राग आला, आणि रागाच्या मागोमाग बरं वाटलं. ही ‘नाही’ म्हणू शकते.

मग तिनं मला उतारावरून चालवलं. “श्रावणात पाणी आपोआप कुठं वर येतं?” मी तिला उपळट जागा दाखवल्या, जिथं पावसात पाय टाकला की जमीन पचपचते आणि खालून पाणी पाझरतं. एका जागी आमची म्हैस रुतली होती, ती चौघांनी ओढून काढली होती, ते सांगितलं. तिनं सगळं लिहून घेतलं. दगड फोडून बघितले. वरच्या बंगल्यांच्या बोअर किती, माळ्याला जाऊन विचारून आली. दुपार कलली तेव्हा ओसरीवर टेकली. लेक कामावरून आला होता. मी माझा प्रश्न विचारलाच नाही. तिनंच सांगायला घेतलं.

“विहिरीला पाणी येतं ते वरच्या मुरमातून. खाली काळा कातळ आहे, आणि माझ्या अंदाजानं त्याला भेग आहे. फुलीच्या जागी बोअर मारली तर पाणी लागेलही. पण मुरमातलं पाणी त्या भेगेतून उतरून जायची भीती आहे. वर पाइप घालून मारली तरी ती पुरती जात नाही.”

“म्हंजी विहीर जानार?” मी विचारलं.

“जाईलच असं नाही, काकू. जाऊ शकते.”

“खात्रीनं सांगा की मॅडम,” लेक म्हणाला.

“खात्री देणारे दोघं येऊन गेले ना तुमच्याकडं?”

सून फिसकन हसली. लेकाला हसू आवरेना. मला मात्र हसू आलं नाही. मला खात्रीच तर हवी होती.

तिनं तीन कामं सांगितली. विहिरीतला गाळ काढा. फुटलेला बांध आणि वरचे दोन बांध नीट घाला. आणि उतारावर आडवे चर खणा, पावसाचं पाणी थांबायला. शिवाय वर्षभर आठवड्याला एकदा पाण्याची पातळी तारखेसकट लिहा. “पुढच्या वैशाखात मी येते. तोवर बोअर नको. तेव्हा सांगेन, मारायची की नाही. मारा असंही सांगेन कदाचित.”

“आन् ह्या उन्हाळ्यात काय करू?” मी विचारलं.

“टँकर. आणि भाडेकरूंना स्पष्ट सांगा.”

गोड काही बोलली नाही. दोन घास खाल्ले, ठरलेले पैसे घेतले, पावती दिली, गेली. लेक पावतीकडं बघत म्हणाला, “न्हाई म्हनायचे पैसे सुद्धा न्हाई हे. थांबा म्हनायचे.”

गाळ काढला. त्या उन्हाळ्यात दोन खोल्या रिकाम्या झाल्या, अजून एक तशीच आहे. चरांचं अवघड होतं, कारण उतार आता बंगल्याचा. मी आणि सून एका शनिवारी फाटकावर गेलो. हिरवळीवरच्या बाईला समजावून सांगितलं. ती म्हणाली, “बघू हं, मावशी.” सून आणि मी एकमेकींकडं बघितलं. मी म्हटलं, “बाई, न्हाई असंल तर न्हाई म्हना, आमी रागवत न्हाई.” तिला नवल वाटलं. जरा थांबून म्हणाली, “तसं नाही, नवऱ्याला विचारते.” विचारलं तिनं. अर्ध्या उताराला हो म्हणाले. भावजी स्वतः कुदळ घेऊन आले, स्वतःच विकलेल्या जमिनीत चर खणायला. माझ्याशी तेव्हा बोलले.

आता हा चैत्र उजाडलाय. पाणी गेल्या वर्षीपेक्षा वर आहे. पण पाऊसही जास्त झाला होता, म्हणून ते चरांचं की पावसाचं हे मला सांगता येत नाही, वहीतल्या आकड्यांनाही येत नाही. लेक म्हणतो, बघ, वाचली विहीर. मी वही पुढं करते. वर दोन नव्या बंगल्यांचे पाये खणलेत, त्यांच्या बोअर व्हायच्यात. माझ्या छातीतली ती धडधड अजून तशीच आहे, फक्त आता मला तिचं कारण ठाऊक आहे.

ती बाई अक्षय तृतीयेनंतरच्या सोमवारी येतेय. मारा म्हणते की मारू नका, काहीही म्हणाली तरी ऐकायचं, असं आम्ही चौघांनी ठरवलंय. पण ऐकताना मला कुणीतरी माझ्या बाजूचं शेजारी बसलेलं हवं आहे. लेक त्याची बाजू धरील, सून माझी धरील पण तिला ह्याच घरात राहायचंय. म्हणून तू ये. आदल्या दिवशीच ये, राहायला ये. सकाळच्या पीएमटीनं निघालीस तर जेवायच्या आत पोचशील, मी फाट्यावर उभी राहते.